मावंद्याच्या आधी

लोक म्हणतात, माणिकबाई द्वारकेले पुण्य कमवायले गेली. पुण्य गेलं चुलीत! मी गेली होती एका बाईचं वाटोळं मागायले. देवासमोर तोंड उघडून मागितलं, तर तुमच्यासमोर सांगायले मले कायची लाज?

ती बाई म्हणजे गोदाबाई. माह्या जयवंताची सासू, माही विहीण. अकोल्याच्या माळीपुऱ्यात तिचं घर. आमीबी माळीच. अंजनगावले आमची वाडी हाय, वांगे, मिरच्या, सणासुदीले झेंडू. पोरीले अकोल्याले दिलं तवा सारी भावकी म्हणे, शहरात पडली, नशीब काढलं पोट्टीनं. डोंबलाचं नशीब! जयवंता त्या घरात गेली अन् त्याच वर्सी तिचा सासरा मेला. तो माणूस कितीक दिवसांपासून खोकून राहिला होता, साऱ्या माळीपुऱ्याले ठाऊक होतं. पण गोदाबाईनं खापर फोडलं माह्या पोरीच्या पायावर. "पांढऱ्या पायाची हाय. आली अन् घर खाल्लं." विहिरीचं पाणी खाली गेलं, पांढऱ्या पायाची. म्हैस आटली, पांढऱ्या पायाची. पोट्टी घराबाहेर पडली की गोदाबाई तिच्या मागं उंबरठ्यावर पाणी शिंपडे, जसं का घरातून मढं गेलं. शेजारणींच्या देखत शिंपडे.

चार वर्सं काढले पोरीनं तिथं. लेकरू झालं नाही. मग एका दिवशी गोदाबाईनं तिले अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत बसवून दिलं, अन् महिना भरायच्या आत आपल्या पोराले, देवीदासले, दुसरी बायको करून आणली.

बरं, नाही नांदवायचं ना? नको नांदवू. आमच्या जातीत त्याचीबी रीत हाय. पंचासमोर नवऱ्यानं काडी मोडली की बाई मोकळी. मग तिले दुसऱ्यासंग पाट लावता येते, नवा संसार करता येते. काडी मोडली नाही तर ती जन्मभर त्याच्याच नावानं बांधलेली. अन् आमच्या अंजनगावचा चंद्रभान, पानमळेवाला, बायको वारलेला, सभ्य माणूस, तो जयवंतासाठी थांबून होता. स्वतः येऊन सांगून गेला की काडी घेऊन या, मी दुसऱ्या दिवशी पाट लावतो. माहे मालक शालिकराम दोनदा अकोल्याले गेले. दुसऱ्या खेपेले तर आपलं पागोटं गोदाबाईच्या पायावर ठेवलं. ती काय म्हणे? "नांदवत नाही अन् काडीबी देत नाही. राहू द्या तशीच."

काहून देत नव्हती, ते मले चांगलं ठाऊक होतं. दुसरी सून आणून तीन वर्सं झाले होते अन् तिचीबी कूस रिकामीच होती. आता जयवंतानं दुसऱ्या घरी जाऊन लेकरू जन्माले घातलं, तर सारं अकोलं काय म्हणीन? दोष कोणात होता म्हणीन? आपल्या पोराचं झाकायसाठी माह्या पोरीले जिवंत गाडून ठेवली होती त्या बाईनं. मालक पागोटं झटकून मुकाट्यानं परत आले, पण माह्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही.

त्या साली दिवाळी झाल्यावर गावातले भगवंतराव पंधरा-वीस माणसं घेऊन द्वारकेले निघाले. मालक म्हणे, पोरीले घेऊन जाय, गोमतीत न्हाऊ घाल, काही मार्ग निघीन. मी म्हटलं, जाते. मार्ग कोणता मागायचा ते मी माह्या मनात ठरवून ठेवलं.

तवा द्वारकेपर्यंत आगगाडी नव्हती. मुंबईवरून आगबोटीत बसा लागे. बाप्पा, ती बोट! चारी मेर पाणी, अन् पोटातलं सारं तोंडात. आमच्यातल्या बाया लोटांगण घालून पडल्या होत्या, देवा सोडव म्हणत. मीबी पडली होती, पण माहा जप वेगळा. गोदाबाईच्या घरावर गाढवाचा नांगर फिरो, तिच्या चुलीत मांजर वियो, तिले पाणी पाजायले कोणी न उरो. पोटात ढवळून आलं की थांबो, अन् उलटी झाली की पुन्हा सुरू करो. जयवंता मात्र कठड्यापाशी बसून तासन् तास पाण्याकडं पाहत राहे. ना उलटी, ना शब्द. घरी आल्यापासून ती तशीच झाली होती. विचारलं तर बोले, नाही तर नाही.

बोटीवर बुलढाण्याकडची एक म्हातारी होती, तिची ही तिसरी यात्रा. ती मले म्हणे, "माय, यात्रेकरूचं तोंड मावंदं होईपर्यंत देवाचं तोंड असते. निघालं ते खरं होते. जपून बोलत जाय." मावंदं म्हणजे, यात्रा करून घरी आलं की गोताले जेवू घालतात अन् सोबत आणलेला तीर्थाचा गडवा फोडतात, ते. तोपर्यंत यात्रा संपत नाही. तोपर्यंत यात्रेकरूनं कोणाच्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, गडवा भुईले टेकू द्यायचा नाही. अन् यात्रेकरू दिसला की लहान असो मोठा असो, लोक त्याचे पाय धुतात. म्हातारीचं ऐकलं अन् मी त्या दिवसापासून भांडणं बंद केलं. पंड्याशी नाही, नावाड्याशी नाही, मुंबईच्या हमालाशीबी नाही. भगवंतराव म्हणे, "देवाची लीला! माणिकबाई सुधरली." मी कायची सुधरते! मी तोंड साठवून राहिली होती.

परतीच्या गाडीत अकोलं जवळ आलं तसं मी गठुळं बांधायले घेतलं. तशीबी आमची एक दिवसाची खोटीच होती. मुंबईची गाडी मूर्तिजापूरले पोचे तवा अंजनगावकडची छोटी गाडी निघून गेलेली राहे, अन् दुसरी थेट उद्या सकाळी. भगवंतरावले म्हटलं, "तुमी व्हा पुढं. फलाटावर माशा मारत बसण्यापक्षा आमी मायलेकी अकोलं पाहतो. दिवस बुडायच्या गाडीनं मूर्तिजापूरले येतो."

"अन् हे सारं सामान?"

"सामानाले काय झालं? ते बी अकोलं पाहीन."

एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक गठुळं, अन् लाखेनं तोंड बंद केलेला गोमतीच्या पाण्याचा गडवा. पेटी माह्या डोक्शावर, वळकटी जयवंताच्या डोक्शावर, गठुळं माह्या काखेत अन् गडवा तिच्या हातात. ठेसनाबाहेर आलो तसं टांगेवाल्यानं विचारलं, कुठं जायचं माय? मी म्हटलं, कुठंच नाही, पाहायले आलो. तो हसला अन् घोड्याले दाणे चारत राहिला.

जयवंता म्हणे, "माय, मले अकोलं ठाऊक हाय. चार वर्सं होती मी इथं."

"तू अकोलं नाही पाह्यलं, चूल पाह्यली. चाल."

खोटं नव्हतं ते. पोरीनं इथला किल्लाबी पाह्यला नव्हता. आमी राजेश्वराच्या देवळात गेलो. सामान पायरीवर ठेवून एकीनं गडवा धरायचा अन् दुसरीनं आत जायचं, मग दुसरीनं धरायचा अन् पहिलीनं जायचं. किल्ल्यापाशी गेलो. मोर्णेच्या काठाले बाया धुणं आपटून राहिल्या होत्या, त्यांनी आमच्या कपाळावरचं गोपीचंदन पाह्यलं अन् ओल्या हातानंच पाया पडायले आल्या. प्रत्येकीसाठी पेटी खाली उतरवा, पुन्हा डोक्शावर घ्या. माह्या मानेचा काटा ढिला झाला. जयवंता बुरुजाकडं मान वर करून पाहत होती. म्हणे, "एवढा जवळ होता का? आमच्या परसातून याचं टोकबी दिसे नाही." बोलली म्हणून मले बरं वाटलं.

मी तिले कुठं नेऊन राहिली हे तिनं विचारलं नाही. माह्या मनात सरळ बेत होता. माळीपुऱ्यात जायचं, गोदाबाईच्या दारासमोर उभं राहायचं अन् साठवलेलं सारं तोंड तिच्या घरावर रिकामं करायचं. मग सामान उचलून ठेसनावर.

बेत बदलला तो कापसाच्या बाजारात. सरकीच्या गाड्यांची ही रांग लागलेली, जिनाचा भोंगा वाजून राहिलेला, अन् त्या गर्दीत एका आडत्याची बायको माडीवरून खाली आली. हातभर बांगड्या, नाकात टपोरी नथ. मले म्हणे, माय, थांबा. तिनं नोकराकडून पाणी आणवलं, स्वतःच्या हातानं माहे पाय धुतले, तिथंच धुळीत बसून. माहे! मी वांगे विकणारी. तिच्या दारात मी टोपलं घेऊन गेली असती तर तिनं मले पायरी चढू दिली नसती. मग तिनं रीतीप्रमाणं विचारलं, "मावंद्याले काय देऊ माय? मागा, या दारातून रिकामं नाही पाठवत." मी मूठभर गहू मागितले. तिनं पदर भरून दिले. वर जयवंताचेबी पाय धुतले.

गव्हाची गाठ बांधता बांधता माह्या डोक्शात वीज चमकली. पेटी उचलली अन् असे लांब लांब पाय टाकायले लागली की जयवंता मागं पळत आली.

माळीपुऱ्याच्या तोंडाशी मी थांबली. "पदर खाली ओढ," म्हटलं. "हनुवटीपर्यंत. मी सांगीन तिथं पेटीवर बसायचं, अन् ब्र काढायचा नाही."

"माय, काहून?"

"तुले तुह्या सासूचं भलं पाहायचं हाय का नाही?"

तिनं पदर ओढला.

गोदाबाईच्या घरासमोर लिंबाचं झाड हाय. त्याच्या पारावर तिचा चुलत जेठ, म्हातारा पुंजाराम, जातीच्या चार पंचांसंग चिलीम घेऊन बसला होता. मले हेच पायजे होतं. पुंजारामनं मले लग्नात एकदा पाह्यलेलं, त्याले आता बरेच वर्सं झालेले. अन् जयवंताचं तोंड तर त्यानं पाह्यलंच नव्हतं. चुलतसासऱ्यासमोर चार वर्सं ती पदरातच वावरली. मी बरोबर गोदाबाईच्या दारासमोर पेटी उतरवली, तिच्यावर जयवंताले बसवली, गडवा तिच्या मांडीत दिला. मी वळकटीवर बाजूले बसली, पदर असाच नाकापर्यंत.

"कुठले यात्रेकरू?" पुंजारामनं चिलीम बाजूले ठेवली.

"अंजनगावकडचे. द्वारकेवरून आलो. गाडीले वेळ हाय." यात एक शब्दबी खोटा होता का? तुमीच सांगा.

म्हातारा हात जोडून उठला अन् ओरडला, "अवं गोदे! द्वारकेचे यात्रेकरू तुह्या दारात बसले! पाणी आण!"

झालं. गल्लीतल्या बाया दारादारांतून निघाल्या. पण दार गोदाबाईचं, तर पहिला मान गोदाबाईचा. ती आली ना, काय सांगू! हातात तांब्या-परात, मागं नवी सून कुंकवाचं ताट घेऊन. पुंजाराम समोर म्हणून गोदाबाईचाबी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. पण चालीवरून कळे, फुगली होती बाई. शेजारणींचे डोळे आपल्यावर हायेत हे तिच्या आंगाआंगाले कळून राहिलं होतं.

ती बसली जयवंतापुढं. परात सरकवली. माह्या पोरीचा उजवा पाय तिनं दोन्ही हातांनी धरला, परातीत ठेवला, पाणी घातलं, चोळला. मग डावा. ज्या पायांच्या मागं उंबरठ्यावर पाणी शिंपडे, ते पाय. परातीतलं पाणी बोटानं घेऊन डोळ्याले लावलं. आपल्या पदराच्या टोकानं पाय पुसले अन् सारी गल्ली ऐकीन अशा आवाजात म्हणे, "मागा माय, मावंद्यासाठी काय पायजे ते मागा. देवाची आण, या दारातून रिकामं नाही जाऊ देणार!" अन् डोकं पोरीच्या पायावर टेकवलं.

आहाहा! तीन वर्सांत मले असं गार वाटलं नव्हतं. गोमतीत बुडी मारली तवाबी नाही.

मग ती कुंकू लावायले गेली. उजव्या अंगठ्याले लावलं. डाव्याले लावायले गेली अन् तिचं बोट तिथंच थांबलं. जयवंताच्या डाव्या पायावर अंगठ्यापासून घोट्यापर्यंत भाजल्याचा डाग हाय. उकळतं वरण सांडलं म्हणून गोदाबाईनं गल्लीले सांगितलं होतं. सांडलं नव्हतं, तिनं पातेलं लोटलं होतं. आपल्या हातची करणी माणूस विसरत नाही. कुंकवाचं बोट तिनं असं झटक्यानं मागं ओढलं की कुंकू सारं परातीत पडलं.

आता माही पाळी. मी पदर मागं टाकला, उभी राह्यली, बोटीवर घोटून ठेवलेलं सारं तोंडाशी आलं. गाढवाचा नांगर पहिला.

पण माह्या आधी जयवंता बोलली. तिनं आपल्या हातानं पदर वर केला.

"मागू का?" म्हणे. "मले गहू नको. काडी पायजे."

गल्लीत एकदम गलका. "अवं, ही तर जयवंता!" "गोदेची थोरली सून!" "सुनेचे पाय धुतले वं सासूनं!" कोण्या पोट्टीनं खिदळून तोंड दाबलं. पुंजारामचे डोळे एकदा माह्याकडं, एकदा पोरीकडं. गोदाबाई परातीपुढं तशीच बसून. मले वाटलं आता ही उठीन अन् दोघींच्या झिंज्या उपटीन. मी कंबर कसलीच होती.

पण ती बाई लय पोचलेली. ती उठली, जयवंताचा हात धरला अन् रडक्या आवाजात म्हणे, "काडी काहून मागतेस पोरी? माहं चुकलं. तुहंच घर हाय हे. देवानं तुले दारात आणली. चाल, आत चाल. थोरलीचा मान तुहाच."

काय सांगू तुमाले, मी विरघळली. तीन वर्सं जो शब्द ऐकायसाठी मी रात्री जागल्या, तो शब्द सासूच्या तोंडून, साऱ्या गल्लीसमोर! माहे डोळे भरून आले. माहा हात पोरीच्या पाठीवर गेला, अन् लोटणारच होती मी तिले पुढं, "जाय वं माय" म्हणून. आईचं येडं मन. चंद्रभान बी विसरली, काडी बी विसरली.

जयवंता जागची हालली नाही. माह्याकडं पाहून म्हणे, "माय, तिचा हात पाह्य."

पाह्यलं. गोदाबाईनं पोरीचं मनगट असं आवळलं होतं की नखं रुतले होते. तोंडावर आसवं अन् हातात पक्कड! मग माह्या डोक्शात उजेड पडला. मावंद्याआधी यात्रेकरूनं उंबरठा ओलांडला की यात्रा बुडाली, अन् तिच्यासंग यात्रेकरूचं मागणंबी बुडालं. वरून सून आपल्या पायानं घरात आली, तर नांदायलेच आली! मग काडी मागायचं तोंड कुठं राहिलं? एका पावलात सारं फिरवत होती चेटकीण. अन् मी तिले मदत करून राहिली होती.

"सोड तिले," मी म्हटलं. असं म्हटलं की लिंबावरचे कावळे उडाले. "मावंद्याआधी यात्रेकरू कोणाच्या घरात जात नाही, हे तुले ठाऊक नाही का? दारात देवाची आण घेतली तू. मागा म्हणे, रिकामं नाही पाठवत म्हणे. तिनं मागितलं. आता दे!"

गोदाबाईनं हात सोडला अन् पुंजारामकडं वळली. "भाऊजी, तुमीच सांगा. फसवून पाय धुवून घेतले माह्याकडून."

म्हाताऱ्यानं चिलीम कमरेले खोचली. मग म्हणे, "फसवलं कोणी? मी यात्रेकरू म्हटलं, ते यात्रेकरूच हायेत. गडवा समोर हाय. पाय तू धुतले, शब्द तू दिला. यात्रेकरूले दिलेला शब्द फिरवला तर गल्लीत या सालचं पीक कोणत्या तोंडानं घरात आणायचं?" अन् पंचांतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांकडं पाह्यलं. तेबी माना डोलावून राहिले. "देवीदासले बोलवा."

देवीदास बाजारातून आला, हाताले मेथीची माती. काय झालं ते त्याले रस्त्यातच कळलं असणार, कारण तो पाहत होता भुईकडं. आईनं डोळे वटारले, पण पाच म्हातारे उभे होते. पुंजारामनं छपरातून एक काडी ओढली अन् त्याच्या हातात दिली. "मोड, अन् सांग."

देवीदासनं जयवंताकडं पाह्यलं. मले वाटते त्यानं इतक्या वर्सांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं नीट पाह्यलं. "तू मोकळी," म्हणे, अन् काडी मोडली. एवढासा कट्ट आवाज. एवढ्याशा आवाजासाठी माह्या मालकानं पागोटं धुळीत ठेवलं होतं. जयवंतानं दोन्ही तुकडे पंचांच्या हातून घेतले, पदराच्या टोकाले गाठ मारली, अन् पेटीवरून उठली. तिची मान ताठ होती. आता तुमी म्हणसान मायच्या डोळ्याले तसंच दिसते. दिसो.

मी गठुळं काखेत घेतलं. तर पुंजाराम म्हणे, "थांबा माय. दोघी यात्रेकरू. एकीचे पाय धुतले अन् एकीचे नाही, असं दारातून पाठवता येत नाही. गोदे, पाणी आण."

मी तर मागितलंबी नव्हतं! देव देते तर छप्पर फाडून देते.

गोदाबाई पुन्हा बसली. या खेपेले चालीत फुगारा नव्हता. माहे पाय तिनं धुतले, पुसले, कुंकू लावलं, अन् डोकं टेकवून दबक्या आवाजात म्हणे, "विहीणबाई, जे झालं ते झालं. तुमचं तोंड आज देवाचं हाय. वाईट काढू नका. माह्या पोराचं घर हाय."

"विहीणबाई कोणाले म्हणतेस?" मी म्हटलं. "काडी मोडली. आता तू माही कोणी लागत नाही."

तिची मान वर येईना. सारी गल्ली कान टवकारून उभी. मागं ती नवी पोरसवदा सून ताट घेऊन भिंतीशी सरकली होती. नांगर माह्या जिभेवर होता. पण नांगर फिरला असता तर घर त्या पोट्टीच्याबी डोक्शावर पडलं असतं, अन् गोदाबाई सुटली असती. मेली की सुटली. मले ती सुटायले नको होती.

मी तिच्या डोक्शावर हात ठेवला. प्रेमानं ठेवला, बाप्पा, लेकराच्या डोक्शावर ठेवते तसा.

"शंभर वर्सं जग, गोदाबाई," म्हटलं. "याच गल्लीत, याच दारात, याच शेजारणींमंधी जग. डोळे शाबूत राहो. कान तर शेवटच्या दिवसापर्यंत तिखट राहो. अंजनगावले माह्या जयवंताचा पाळणा हालला की तुले इथं ऐकू आलं पायजे. पहिल्याचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. एकबी बारसं न चुको तुहं."

ती गुडघ्यावर तशीच बसून राह्यली. मग पुंजारामनं खाकरून म्हटलं, "घे गोदे. यात्रेकरूचा आशीर्वाद हाय, पदरात घे."

यात्रेकरूचा आशीर्वाद नाकारता येत नाही. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला अन् घेतला.